जाऊबाईंनी पुकारलेला लिलाव

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळं बसस्थानक भोंगा म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. "भोंगा वाजला की लोक हलतात," त्या म्हणायच्या. "तुमच्या गुळगुळीत आवाजाने कोण हलतंय?"

त्या स्थानकावर उद्घोषक होत्या. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार, कोणती उशिरा येणार, कोणाचं मूल सापडलंय आणि ते हिरव्या स्वेटरमध्ये भोकाड पसरून बसलंय, हे सगळं काचेच्या खोलीत बसून सांगायचं काम. वीज गेली की बाकीचे उद्घोषक चहाला जायचे. जाऊबाई मात्र खोलीबाहेर येऊन, कमरेवर हात ठेवून, नुसत्या तोंडाने ओरडायच्या आणि पार शेवटच्या फलाटावरचा ड्रायव्हर इंजिन सुरू करायचा.

घरीही तोच आवाज. आम्ही दोघी एका घरात, एका स्वयंपाकघरात. मोठे भाऊजी कार्यशाळेत इंजिनं दुरुस्त करून करून कानाने अधू झालेले, म्हणूनच त्यांचा संसार सुखाचा झाला असं माझे यजमान म्हणत. माझे कान मात्र धडधाकट होते. मी घरीच शिवणकाम करते, त्यामुळे जाऊबाईंची सुट्टी म्हणजे माझी शिक्षा. नळ नीट बंद का केला नाही, खिडकी कोणी उघडली, माझ्या डब्याचं झाकण तुझ्या डब्यावर कसं गेलं, यावरून आमची रोज जुंपायची. एखाद्या दिवशी नाही जुंपली तर शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "का गं, कोणाला बरं नाही का?"

काचेच्या खोलीच्या मागे एक लांबोडकी खोली होती. गाड्यांमध्ये, बाकांवर, शौचालयात लोक जे विसरून जातात ते सगळं तिथे येऊन पडायचं. छत्र्या तर विचारूच नका. त्याखेरीज हेल्मेटं, काठ्या, एकेकटे बूट, नव्याकोऱ्या खोक्यातला कुकर, पट्टा तुटलेलं अकॉर्डियन, तीन चाकांची सायकल, भिंतीवरचा केवढा तरी मोठा आरसा. आरसा बसमध्ये विसरणारा माणूस कसा असेल, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. लग्नाचे फोटो असायचे, दातांच्या कवळ्या असायच्या. मुदतीत कोणी मागायला आलं नाही की पूर्वी हे सगळं भंगारवाला वजनावर घेऊन जायचा आणि पैसे कुठे जायचे ते कोणी विचारायचं नाही.

जाऊबाईंनी विचारलं. त्याचं कारण म्हणजे स्थानकाचे बाक. गावात मोठं इस्पितळ आहे, लांबलांबून बसने रोगी येतात. रोग्याला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या बायकोने, बापाने, लेकीने कुठे टेकायचं? ती माणसं बाकांवर आडवी व्हायची आणि पहारेकरी त्यांना उठवायचा. इस्पितळातून निवृत्त झालेल्या एका परिचारिकेने, तिला सगळे सिस्टरच म्हणतात, इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक जुनं गोदाम घेऊन या लोकांसाठी आसरा काढला होता. तिच्याकडे गोदाम होतं, बाकी काही नव्हतं. जाऊबाईंनी तेव्हाच्या आगारप्रमुखाच्या मागे लकडा लावला की हरवलेल्या वस्तू उघड्यावर लिलावात काढा, येईल तो पैसा आसऱ्याला द्या. तो बिचारा कानठळ्या चुकवण्यासाठी हो म्हणाला असणार.

तेव्हापासून वर्षातून एकदा मागच्या आवारात लिलाव व्हायचा. जाऊबाई टेबलावर उभ्या राहायच्या, हातात लाकडी हातोडी. वस्तूंची तारीफ करायला त्यांच्याकडे शब्द कमी पडत नसत. "हा आरसा बघा! यात तोंड बघितलं की माणूस बारीक दिसतो. बाई, तुम्ही नका घेऊ, तुम्हाला गरज नाही. तुमच्या मागे उभे आहेत ना, त्यांनी घ्या!" लोक हसायचे, लाजायचे आणि बोली वाढवायचे. त्या पैशातून आसऱ्यात गाद्या आल्या, शेगडी आली, पाणी तापवायचा बंब आला.

मग जाऊबाईंचा आवाज बसायला लागला.

आधी आम्ही सगळे खूश झालो, खोटं कशाला सांगू. पण तो बसला तो उठेचना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यात गाठ आहे, वाईट जातीची आहे, जीव हवा असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. जाऊबाईंनी घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "काढल्यावर जगेन ना? मग काढा. आवाजाला काय चाटायचंय?" डॉक्टरांपुढे त्या असं म्हणाल्या. बाहेर आल्यावर इस्पितळाच्या जिन्यात बसल्या आणि भाऊजींना, माझ्या यजमानांना, मला, माझ्या मुलीला, एकेकाला नावाने हाक मारली. सगळे समोरच उभे होतो. नुसती हाक मारून घेतली.

ऑपरेशननंतर त्यांच्या गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक राहिलं. श्वास तिथूनच यायचा-जायचा. त्यामुळे गरम चहावर फुंकर मारता येत नव्हती, भाजी करपली तर वास येत नव्हता. हसल्या तर नुसते खांदे हलायचे. मी त्या भोकावर बांधायला पातळ सुती रुमाल शिवून दिले, निरनिराळ्या रंगांचे. इस्पितळातून त्यांना एक यंत्रही मिळालं होतं, कोणीतरी वापरून परत केलेलं. विजेरीसारखं, मुठीत मावेल एवढं. ते हनुवटीखाली गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि तोंडाने शब्द उच्चारायचे. यंत्र थरथरतं आणि त्या थरथरण्याचे शब्द होतात. पण कसे? पत्र्याच्या डब्यात अडकलेली मधमाशी वाचन करतेय असे. चढ नाही, उतार नाही. जाऊबाईंनी इस्पितळात ते एकदा लावून बघितलं, चेहरा वाकडा केला आणि घरी आल्यावर खणात टाकून दिलं. त्यानंतर सगळा कारभार पाटीवर. त्यांचं अक्षर असं, की मीठ लिहिलंय की पीठ ते कळायला भाऊजींना बोलवावं लागे, आणि त्यांनाही कळत नसे.

घर शांत झालं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. मशीनवर बसले की माझ्याच सुईचा आवाज मला नकोसा व्हायचा. जाऊबाई खिडकीपाशी बसून असायच्या. नळ ठिबकत असला तरी वळून बघायच्या नाहीत. भाऊजी कार्यशाळेतून आले की त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे.  शेवटी मलाच राहवेना. एक दिवस मी भाजीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं आणि त्यांच्या पुढ्यात ताट ठेवून उभी राहिले.

पहिला घास घेतला. त्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी पाटी उचलली, खडू सापडेना, कारण तो मी लपवला होता. त्यांनी टेबलावर हात आपटला. मी म्हटलं, "काय झालं? मला कळत नाही बाई. बोला की."

त्या उठल्या, ताडताड खणापाशी गेल्या, यंत्र काढलं, गळ्याला लावलं. "धाकटे," मधमाशी म्हणाली, "समुद्र माहेरून आणलास का?"

माझी मुलगी आतल्या खोलीतून धावत आली. मी हसता हसता खाली बसले आणि मला रडूही आलं. जाऊबाई यंत्राकडे बघत राहिल्या. मग पुन्हा गळ्याला लावून म्हणाल्या, "आणि नळ ठिबकतोय." त्या दिवसापासून यंत्र खणात गेलं नाही.

त्या कामावर परत गेल्या तेव्हा काचेच्या खोलीत नवी मुलगी बसली होती. जाऊबाईंना हलकं काम म्हणून मागच्या लांबोडक्या खोलीत बसवलं, हरवलेल्या वस्तूंपाशी. मान्य केलं त्यांनी. लिलाव जवळ आला होता आणि एवढ्या दिवसांत त्या खोलीचा उकिरडा झाला होता. त्यांनी सगळं निवडलं, पुसलं, मांडलं. यंदाही कोणीतरी एक आरसा विसरून गेलंच होतं. फोटो आणि पत्रं वेगळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ती विकायची नाहीत, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नेम.

मधल्या काळात आगारप्रमुखही बदलले होते. नवे साहेब तरुण, इस्त्रीचे, बोलायला फार गोड. त्यांनी जाऊबाईंना बोलावलं. मी नेमकी रुमाल द्यायला गेले होते, म्हणून मीही दारात उभी होते.

"बसा ना," साहेब म्हणाले. "यंदा लिलाव आपण जरा वेगळ्या पद्धतीने करू. जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी सगळा माल एकगठ्ठा घ्यायची तयारी दाखवली आहे. कपाटातलंही सगळं. नाहीतर मग एक चांगला निवेदक बोलावू, व्यावसायिक. तुम्ही मंचावर बसा. आम्ही तुमचा सत्कार करू. काय धीराच्या आहात तुम्ही! अगदी धैर्याची मूर्ती."

जाऊबाईंनी यंत्र गळ्याला लावलं. "मूर्ती हलत नाही," त्या म्हणाल्या. "मी हलते. लिलाव मी पुकारणार."

साहेबांनी त्या आवाजाने नकळत खुर्ची मागे सरकवली. "तसं नाही हो. पण लोकांना कळलं पाहिजे ना काय बोलताय. आणि लहान मुलं असतात, घाबरतील."

"घाबरू देत."

"तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. लोक हसले तर तुम्हालाच वाईट वाटेल."

"मला काय वाटेल ते मी बघते. तुम्ही आवाराची परवानगी द्या."

"विचार करतो," साहेब म्हणाले. म्हणजे नाही. एवढं मला दारातूनही कळलं.

जाऊबाई बाहेर आल्या. माझ्या हातातले रुमाल घेतले, जांभळा निवडला, गळ्याला बांधला. मग लांबोडक्या खोलीकडे न वळता सरळ काचेच्या खोलीत शिरल्या. दुपारची वेळ, स्थानक माणसांनी गच्च भरलेलं. नवी उद्घोषक मुलगी त्यांना बघून आपण होऊन खुर्चीवरून उठली. जाऊबाईंनी बटण दाबलं, यंत्र गळ्याला टेकवलं आणि माइक तोंडापाशी ओढला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे."

सगळ्या फलाटांवरच्या कर्ण्यांतून ते थरथरणं एकदम बाहेर पडलं. चहावाल्याचा हात थांबला. एक बाई बॅग पोटाशी धरून उभी राहिली. लोक वर कर्ण्यांकडे बघायला लागले.

"यंत्र बिघडलेलं नाही. हा माझा आवाज आहे. येत्या रविवारी सकाळी मागच्या आवारात हरवलेल्या वस्तूंचा जाहीर लिलाव होईल. पैसे आसऱ्याला जातील. पुकारणार मी. ज्याला हा आवाज सोसणार नाही त्याने कानात बोळे घालून यावे, पण यावे."

हे त्यांनी एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. साहेब केबिनमधून धावत आले तेव्हा त्या सावकाश उठल्या, मुलीला खुर्ची दिली आणि त्यांच्या अंगावरून निघून गेल्या. शेवटच्या फलाटावर कोणीतरी टाळी वाजवली. कंडक्टर असावा.

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली: ध्वनिक्षेपकाचा गैरवापर केल्याबद्दल खुलासा करावा आणि माफी मागावी. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातच बसून उत्तर लिहिलं आणि मला सुवाच्य अक्षरात उतरवायला लावलं. "ध्वनिक्षेपक बोलण्यासाठी असतो. मी बोलले." मी म्हटलं, "जाऊबाई, 'क्षमस्व' एवढं तरी खाली घालू या. नोकरीचा प्रश्न आहे." त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. भाऊजींना मी ओरडून सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबर लिहिलंय तिने," आणि वर्तमानपत्र पुढे वाचायला लागले.

पण साहेबांची पंचाईत झाली होती. चौकशीच्या खिडकीवर जो तो लिलावाचं विचारायला लागला. आता नाही म्हणणं जड गेलं असतं. त्यांनी आवाराची परवानगी दिली. एकगठ्ठा विक्रीचं नाव घेतलं नाही. मात्र आपला निवेदकही बोलावून ठेवला, वेळ पडली तर असावा म्हणून.

रविवारी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धे लोक खरेदीला आलेले, अर्धे तो आवाज ऐकायला. पुढच्या खुर्च्या मात्र जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी धरल्या होत्या. मधोमध त्यांचे शेठ, सोनेरी काड्यांचा चष्मा, पायावर पाय. निवेदक चकचकीत कोट घालून साहेबांच्या बाजूला उभा. सिस्टर एका बाजूला, आसऱ्यातल्या काही बायकांना घेऊन आलेली.

जाऊबाई टेबलावर चढल्या. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात हातोडी, समोर माइक. "पहिली वस्तू. छत्र्या. पूर्ण गठ्ठा."

"दहा," शेठ म्हणाले.

मागे कोणीतरी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" पूर्वी जाऊबाईंनी अशा वेळी मागच्या माणसाची टोपी उडवली असती, लोकांना बोलतं केलं असतं. आता एक वाक्य पुरं होईपर्यंत लोक चुळबूळ करत. ज्यांना घ्यायचं होतं ते विचार करेपर्यंत हातोडी पडली. छत्र्या गेल्या. पाठोपाठ काठ्याही कवडीमोलाने गेल्या. व्यापारी आपसात बोली वाढवतच नव्हते. एकजण बोलायचा, बाकीचे आभाळाकडे बघायचे. कोणाच्या वाट्याला काय, हे आधीच ठरलं होतं, हे आंधळ्यालाही दिसत होतं. सिस्टरचा चेहरा उतरला. साहेबांनी घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात शेठनी आपल्या गळ्याला दोन बोटं लावली, शेजाऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "झीं झीं झीं." पुढची रांग खदखदली. मागचेही काही हसले. कोणी काही केलं तरी हसणारे लोक असतात.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि त्या टेबलावरून उतरल्या. माइक दांडीवरून काढून हातात घेतला. सरळ शेठपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "झीं झीं असं येत नाही. शिकवते." आणि यंत्र शेठच्या गळ्याला टेकवलं.

यंत्राला काय, गळा कोणाचा का असेना. शेठ दचकून "अहो, काय करता" असं म्हणायला गेले. भीतीने त्यांचा स्वतःचा आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले, आणि त्यांच्या तोंडातून माइकवर, सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी मधमाशी बाहेर पडली. "अहो, काय करता."

आवार फुटलं. असा हशा मी त्या स्थानकावर ऐकला नव्हता. शेठचा चष्मा नाकावर घसरला. जाऊबाईंच्या दुसऱ्या हातात माइक, त्यामुळे त्यांनी नुसती हनुवटीने टेबलावरची चामड्याची मोठी बॅग दाखवली, अगदी नवी, पितळी कड्यांची. मग भुवया उंचावल्या. बोला, किती?

सगळं आवार शेठच्या ओठांकडे बघत होतं. एवढ्या लोकांसमोर, त्या आवाजात, दहा म्हणायची त्यांची हिंमत झाली नसावी. ओठ हलले. "आठशे."

शेजारचा जाडा व्यापारी ताडकन उभा राहिला. "अरे, ती बॅग माझी ठरली होती! दोनशेला!"

"काय ठरलं होतं?" गर्दीतून एका बाईने विचारलं.

जाड्याच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो. पण राग गिळता येईना. "हजार!" तो ओरडला. "तुम्ही बाराशे म्हणा, मी पंधराशे म्हणतो. बघू कोण कोणाला ऐकतो!"

ठरलेलं सगळं तिथेच मोडलं. आता व्यापारी एकमेकांची खुन्नस काढायला लागले आणि मागचे लोक, तुम्ही एवढे चढताय तर मालात दम असणार, म्हणून हात वर करायला लागले. जाऊबाई टेबलावर परतल्या. पहिल्यांदा त्यांनी खुर्च्यांची उलथापालथ केली. "ज्यांना फक्त बोलायचंय त्यांनी मागे जावं. ज्यांना ऐकायचंय त्यांनी पुढे यावं." व्यापारी उठेनात, तेव्हा त्या हातोडी धरून तशाच उभ्या राहिल्या. लिलाव बंद. लोकांनीच व्यापाऱ्यांना उठवलं आणि आसऱ्यातल्या बायका पुढच्या खुर्च्यांवर बसल्या.

कुकर गेला, हेल्मेटं गेली. अकॉर्डियन एका टपाल कारकुनाने घेतलं, त्याला ते वाजवताही येत नव्हतं. आणि तीन चाकांच्या सायकलीवर बोली रंगात आली असताना यंत्र खुरखुरलं, कुरकुरलं आणि गप्प झालं. आधीच जुनं, त्यातून घरी सराव करून करून दमलेलं. जाऊबाईंनी बॅटरी बदलली, दुसरीही तशीच. बटण दाबत राहिल्या. काही नाही.

साहेबांनी निवेदकाला खूण केली. तो कोट सावरत, हसरा चेहरा करून टेबलापाशी आला आणि हातोडीसाठी हात पुढे केला. "द्या ताई, तुम्ही आराम करा."

जाऊबाईंनी हातोडी पाठीमागे धरली. गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. बोटाने खुणावलं. ये.

मी मान हलवली. मी घरात कितीही तोंड चालवत असले तरी चार माणसांपुढे बोलायची वेळ आली की माझी बोबडी वळते. त्यांनी ओठ हलवले. त्यांच्या ओठांवरून शब्द ओळखायची सवय मला केव्हा लागली कोण जाणे, पण मला स्पष्ट कळलं. "धाकटे, मेलीस का?"

गेले. भाऊजींनी हात देऊन मला टेबलावर चढवलं. जाऊबाई नुसते ओठ हलवायच्या आणि मी बोलायचं. "सायकल... घंटी वाजते... एक चाक... नाही, तिन्ही चाकं शाबूत आहेत." त्यांनी मला कोपराने ढोसलं. लोक हसले. मी जरा मोठ्याने बोलले. आणखी ढोसलं. आणखी मोठ्याने. मग त्यांनी साहेबांकडे बघून काहीतरी म्हटलं आणि मी गप्प राहिले. पुन्हा कोपर.

"त्या म्हणतात..." मी साहेबांकडे बघत म्हटलं, "त्या म्हणतात की साहेबांनी यंदा काहीतरी घ्यावं, अशी विनंती आहे."

जाऊबाईंनी टेबलावर हातोडी हाणली. मान जोरात हलवली. असं नाही. जसं म्हटलंय तसं.

मी डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "साहेब, माल एकगठ्ठा फुंकायला निघाला होतात, आता निदान एक वस्तू पैसे टाकून घ्या! आरसा घ्या, रोज बघायला होईल!"

 मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने गुडघ्यावर थाप मारली आणि सगळे सुरू झाले. साहेबांचे कान लाल झाले. पण बोली त्यांनी लावली, लावावीच लागली, आणि कोणीतरी मागून ती वाढवतच ठेवली. ते कंडक्टर लोक होते, हे मला नंतर कळलं. "एक वार, दोन वार," मी ओरडत होते, घसा फाटेस्तोवर, आणि जाऊबाईंचे खांदे हलत होते. आरसा साहेबांनाच घ्यावा लागला.

निवेदक कोट काढून वस्तू उचलून द्यायला लागला होता. चांगला माणूस होता तो तसा.

त्या वर्षीच्या लिलावातून आसऱ्यात बायकांसाठी वेगळी खोली झाली, आतून कडी असलेली, आणि अंघोळीची सोय झाली. उद्घाटनाला साहेबांनी भाषण केलं. वर्तमानपत्रात त्यांचाच फोटो आला, अभिनव उपक्रम म्हणून. जाऊबाई त्या वेळी आत खोलीत कडी नीट बसते का ते लावून-काढून बघत होत्या.

नोटिशीचं प्रकरण मात्र मिटलं नाही. एका ओळीची माफी लिहून द्या, विषय संपवतो, असं साहेबांनी दोनदा निरोप पाठवून सांगितलं. जाऊबाईंनी लिहून दिली नाही. त्यांची पगारवाढ अडवली, ती अडलेलीच आहे. मी एकदा म्हटलं, "एका ओळीने काय बिघडतं?" त्या म्हणाल्या, "ओळीने नाही गं बिघडत. पुढच्या वेळी बोलायच्या आधी मला ती ओळ आठवेल, त्याने बिघडतं."

आता त्यांनी नवीन यंत्र घेतलंय, आवाज थोडा बरा आहे. आणि त्यांनी अर्ज केलाय की आपल्याला परत काचेच्या खोलीत बसवावं. साहेबांनी लिहिलं की प्रवाशांना उच्चार समजणार नाहीत. जाऊबाईंनी उलट लिहिलं की लिलावाची घोषणा साहेबांना इतकी नीट समजली होती की ते केबिनमधून धावत आले होते. अर्ज वरच्या कार्यालयात गेला, तिथून खाली आला, पुन्हा वर गेला. दर सोमवारी त्या साहेबांच्या केबिनच्या दारात उभ्या राहतात, काय झालं विचारतात, आणि उत्तर ऐकून आपल्या खोलीत कामाला जातात. मध्यंतरी साहेबांनी सोमवारी दौऱ्यावर जायला सुरुवात केली.

म्हणून काल संध्याकाळी जाऊबाईंनी जेवताना जाहीर केलं की उद्यापासून त्या मंगळवारीही जाणार. आज मंगळवार आहे. पिवळा रुमाल बांधून सकाळीच गेल्यात. जाताना सांगून गेल्यात की माझ्या डब्याचं झाकण शोधून ठेव, नाहीतर आल्यावर बघते.